दॉर्दोन्य नदीतून कुटुंबासह कॅनोप्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला पेरिगोर नावाचा जुना प्रांत आहे. त्याच्या दक्षिण भागातून वाहणाऱ्या दॉर्दोन्य नदीच्या दोन्ही काठांवर, थोड्याशा अंतरात, एवढे किल्ले उभे आहेत की वल्हवत जाताना एक दृष्टिआड होण्याआधीच दुसऱ्याचा बुरूज दिसू लागतो. नदी संथ आहे, उन्हाळ्यात पाणी उथळ व स्वच्छ असते आणि होड्या भाड्याने देण्याची व्यवस्था गावोगाव आहे, त्यामुळे लहान मुलांना घेऊन हा प्रवास सहज करता येतो. युरोपात राहणारी मराठी कुटुंबे आणि मे महिन्याच्या सुटीत महाराष्ट्रातून जाण्याचा विचार करणारे पालक जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

नदी एवढी लांब आहे, तर नेमका कोणता टप्पा निवडावा?

दॉर्दोन्य मध्य फ्रान्समधील प्युइ द सांसी या १,८८५ मीटर उंचीच्या ज्वालामुखी शिखराच्या उतारावर उगम पावते आणि सुमारे ४८० किलोमीटर वाहून बोर्दो शहराच्या खाली गारोन नदीला मिळते. या दोन नद्यांच्या संगमातून जिरोंद ही खाडी तयार होते. किल्ल्यांचा प्रदेश हा या सगळ्या लांबीतला अगदी छोटा तुकडा असून तो सार्ला या गावाच्या दक्षिणेला, कार्साकपासून ले मिलांदपर्यंत आहे.

कार्साक ते बेनाक हे अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आसपास, वित्राक ते बेनाक सुमारे १६ किलोमीटर आणि सेनाक ते बेनाक सुमारे ९ किलोमीटर आहे. उन्हाळ्यातल्या प्रवाहात सहज वल्हवत गेले तर ताशी चार किलोमीटरांचा हिशेब धरावा. म्हणजे सेनाकहून निघालेल्या कुटुंबाचे प्रत्यक्ष वल्हवणे अडीच तासांच्या आसपास होते. दहा वर्षांखालील मूल सोबत असेल तर आमचे मत निःसंदिग्धपणे सेनाक ते बेनाक या टप्प्याच्या बाजूने आहे. लांबचा टप्पा घेतलेली कुटुंबे परतीच्या गाडीची वेळ गाठण्यासाठी घाई करतात, आणि मग काठावर उतरणे, पाण्यात डुंबणे, किल्ला चढून जाणे हे सगळे राहून जाते. या नदीवर वल्हवण्याइतकेच थांबणेही महत्त्वाचे आहे. सकाळी नऊ-साडेनऊला निघून संध्याकाळी पाचला पोहोचायचे आणि त्यात नऊच किलोमीटर जायचे, असा बेत कागदावर आळशी वाटला तरी मुलांच्या दृष्टीने तोच दिवस भरगच्च ठरतो.

मुले मोठी असतील आणि हात सरावाचे असतील तर वित्राकहून निघावे. मोंफोरचा किल्ला वित्राकच्याही वर आहे. तिथे नदी एका मोठ्या नागमोडी वळणाने जवळजवळ पूर्ण वळसा घेते. ते वळण पाण्यातून अनुभवायचे असेल तर मात्र कार्साकहूनच निघावे लागते.

एकाच नदीच्या काठी एवढे किल्ले का?

या प्रश्नाचे उत्तर होडीत बसण्यापूर्वीच माहीत असले तर पुढचा सगळा प्रवास अर्थपूर्ण होतो, म्हणून ते थोडे विस्ताराने देत आहोत.

मध्ययुगात या भागात चांगले रस्ते जवळजवळ नव्हते. मालाची वाहतूक नदीतून होत असे, त्यामुळे नदीवर नजर ठेवणाऱ्याच्या हाती व्यापार, जकात आणि सैन्याच्या हालचाली असत. चुनखडीच्या उभ्या कड्यांनी किल्ला बांधण्याच्या जागा निसर्गतःच तयार करून ठेवल्या होत्या. त्यात बाराव्या शतकात आकितेन प्रांताची वारसदार एलिआनोर हिचा विवाह पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या दुसऱ्या हेन्रीशी झाला आणि नैर्ऋत्य फ्रान्सचा मोठा मुलूख इंग्लंडच्या राजघराण्याकडे गेला. त्यातून निर्माण झालेले वैर पुढे शंभर वर्षांच्या युद्धापर्यंत, म्हणजे १३३७ ते १४५३ या काळापर्यंत पोहोचले.

त्या युद्धात बेनाकचा किल्ला फ्रेंच राजाच्या बाजूने होता आणि समोरच्या काठावरचे कास्तेलनो बराच काळ इंग्रजांच्या ताब्यात होते. दोन्ही किल्ले एकमेकांना स्पष्ट दिसतात आणि मधे फक्त नदी व थोडी शेते आहेत. कास्तेलनो अनेकदा एका हातातून दुसऱ्या हातात गेले. अखेर १४४२ मध्ये फ्रेंच सैन्याने वेढा घालून ते कायमचे घेतले. ज्या कास्तियोंच्या लढाईने १४५३ मध्ये हे युद्ध संपले, तेही याच दॉर्दोन्यच्या काठावर, खूप खाली, बोर्दोच्या दिशेला आहे.

किल्ल्यांवरून नदी पाहिली की दृश्य सुंदर दिसते. नदीतून किल्ले पाहिले की ते तिथेच का बांधले हे समजते. बेनाकच्या कड्याखालून होडी जात असताना वर पाहिले तर लक्षात येते की या पाण्यातून कोणाच्याही नकळत जाणे अशक्यच होते.

सेनाकहून निघाल्यावर काय काय आणि कोणत्या क्रमाने दिसते?

निघतानाच डाव्या काठावर उंच कड्यावर दोम हे तटबंदीचे गाव आहे. फ्रान्सचा राजा तिसरा फिलिप याने १२८१ मध्ये ते वसवले. त्याच्या एका वेशीच्या बुरुजांत १३०७ नंतर टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाचे योद्धे कैदेत होते आणि भिंतींवर त्यांनी कोरलेली चित्रे अजून टिकून आहेत. मुलांना मात्र १५८८ ची हकिगत सांगावी. फ्रान्समधील कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील धर्मयुद्धांच्या काळात जोफ्रुआ द विव्हां हा प्रोटेस्टंट सरदार मोजक्या माणसांनिशी रात्री दोमचा कडा चढून गेला. तिथून कोणी चढून येईल अशी कल्पनाच नसल्याने त्या बाजूला पहारा नव्हता. आत शिरलेल्यांनी वेशी उघडल्या आणि गाव पडले. सिंहगडाची गोष्ट ऐकत वाढलेल्या मुलांना हा कडा दाखवल्यावर वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

साधारण तासाभरात उजव्या काठावर ला रोक-गाजाक येते. पिवळसर दगडांच्या घरांची एक ओळ कड्याला पाठ लावून उभी आहे आणि कड्याच्या पोटात, बऱ्याच उंचीवर, कपारीत बांधलेल्या जुन्या गढीच्या भिंती दिसतात. कड्याचे तोंड दक्षिणेला असल्याने इथे ऊब टिकून राहते, त्यामुळे गावात ताडाची झाडे आणि केळी वाढलेल्या दिसतात आणि मराठी प्रवाशांना त्याचे नवल वाटते. हा कडा निरुपद्रवी मात्र नाही. जानेवारी १९५७ मध्ये त्याचा मोठा भाग कोसळून घरे गाडली गेली आणि तीन माणसे मृत्युमुखी पडली. गावाच्या टोकाला असलेला माला‌र्त्री हा देखणा वाडा मध्ययुगीन वाटतो, पण तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे.

त्यापुढे उजवीकडे उंचावर मार्केसाकची बाग आहे, पण पाण्यातून तिचा फक्त कडा आणि झाडीची किनार दिसते. मग नदी वळते आणि डावीकडे, सेऊ नावाची छोटी नदी जिथे दॉर्दोन्यला मिळते त्या टेकडीवर, कास्तेलनो उभे राहते. पुलाखालून जाताना मुले हमखास आरोळी ठोकतात आणि प्रतिध्वनी ऐकतात. डाव्याच काठावर पुढे झाडीत फेराक हा नीटनेटका किल्ला आहे. तो खासगी असून पाहण्यासाठी खुला नाही. आणि समोर, उजव्या काठावर, नदीपासून दीडशे मीटर उंचीच्या कड्यावर बेनाक आहे. पेरिगोरच्या चार प्रमुख जहागिऱ्यांपैकी ही एक होती. बाराव्या शतकातला त्याचा चौकोनी बालेकिल्ला खालून पाहताना मान दुखेपर्यंत वर करावी लागते.

सगळे किल्ले एका दिवसात आतून पाहता येतील का?

येणार नाहीत, आणि तसा प्रयत्नही करू नये. वल्हवण्याच्या दिवशी एकच किल्ला चढावा, आणि मुले सोबत असतील तर तो कास्तेलनो असावा. पुलाजवळच्या खडीच्या काठावर होडी पूर्णपणे पाण्याबाहेर ओढून ठेवावी, वल्ही आत आडवी ठेवावीत, मौल्यवान वस्तू सोबत घ्याव्यात आणि गावातल्या गल्ल्यांतून वर जावे. चढ खडा आहे, परंतु लहान मुलेही अर्ध्या तासात पोहोचतात. किल्ल्यात १९८५ पासून मध्ययुगीन युद्धकलेचे संग्रहालय आहे. चिलखते, तलवारी, धनुष्ये आहेतच, पण खरे आकर्षण तटावर मांडलेल्या पूर्ण आकाराच्या दगडफेकी यंत्रांचे आहे. एका टोकाला जड वजन, दुसऱ्या टोकाला लांब दांडा आणि त्याला गोफण, अशी त्यांची रचना असते. वजन खाली येते, दांडा फिरतो आणि गोफणीतला दगड दूर फेकला जातो. उन्हाळ्यात त्यांची प्रात्यक्षिके होतात. तटावरून समोर बेनाक दिसते, आणि आपण ज्या पाण्यातून आलो ते पाणीही.

बेनाक दुसऱ्या दिवशी गाडीने जाऊन पाहावे. विसाव्या शतकात मोडकळीला आलेल्या या किल्ल्याची १९६०च्या दशकापासून चिकाटीने डागडुजी झाली आहे. आतील दालने बरीचशी उघडीबोडकी आहेत, आणि आम्हांला ते सजवलेल्या दालनांपेक्षा अधिक भावते. मार्केसाकला संध्याकाळी जावे. तिथल्या बागेत दीड लाख बॉक्सवुडची झुडपे हाताने गोल छाटलेली असून टोकावरच्या सज्जातून, नदीपासून सुमारे १३० मीटर उंचीवरून, जवळजवळ सगळा प्रवास एका नजरेत येतो. जुलै आणि ऑगस्टमध्ये गुरुवारी संध्याकाळी ती बाग मेणबत्त्यांनी उजळवतात.

बेनाकच्या पुढे डाव्या काठावर ले मिलांद हा १४८९ मध्ये बांधलेला वाडा आहे. अमेरिकेत जन्मलेली गायिका व नर्तकी जोसेफीन बेकर हिने दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच प्रतिकार चळवळीसाठी काम केले. १९४७ मध्ये तिने हा वाडा विकत घेतला आणि निरनिराळ्या देशांतील बारा मुले दत्तक घेऊन ती येथे राहिली. पुढे कर्जापायी तिला वाडा सोडावा लागला. नोव्हेंबर २०२१ मध्ये पॅरिसच्या पांथिऑनमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या थोर व्यक्तींच्या स्मारकात, तिला स्थान देण्यात आले. मुलांना राजांपेक्षा ही गोष्ट जास्त आवडते, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही कोणीच कधी वल्हे हाती धरलेले नाही. जमेल का?

जमेल. भाड्याने मिळणाऱ्या होड्या जाड प्लास्टिकच्या, रुंद आणि स्थिर असतात. मधल्या आसनावर एक किंवा दोन मुले बसू शकतात. कॅनोचे वल्हे एकाच पात्याचे असते. पुढचा माणूस फक्त गती देतो. दिशा मागच्याच्या हातात असते, म्हणून वजनाने जड आणि स्वभावाने शांत असलेल्या व्यक्तीने मागे बसावे. दोघांनी विरुद्ध बाजूंनी वल्हवावे. होडी डावीकडे वळवायची असेल तर मागच्याने उजवीकडे रुंद फटका मारावा किंवा डाव्या बाजूला वल्हे पाण्यात उभे धरून सुकाणूसारखे वापरावे. पहिली पंधरा मिनिटे होडी नागमोडी जाईल आणि नवरा-बायकोत थोडा वादही होईल. त्यानंतर हात आपोआप बसतो.

सोबत दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्यांची कयाकही मिळते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ती स्वतंत्र देता येते, पण त्याने सतत मोठ्यांच्या होडीजवळ राहावे.

मुलांचे वय किती असावे? पोहता आलेच पाहिजे का?

बहुतेक ठिकाणी पाच किंवा सहा वर्षांखालील मुलांना घेत नाहीत, आणि पंचवीस मीटर पोहता येत असल्याची हमी मागतात. वयाची अट प्रत्येक व्यावसायिकागणिक थोडी बदलते, म्हणून नोंदणीपूर्वी विचारून घ्यावे. ही अट निव्वळ औपचारिक समजून सही करून टाकण्याची सवय आपल्याकडे आहे, ती येथे सोडावी. नदी बऱ्याच ठिकाणी गुडघाभर असली तरी कड्यांखालच्या वळणांवर खोल डोह आहेत. ज्याला पोहता येत नाही त्याने, मग तो मोठा माणूस का असेना, कॅनोऐवजी मोठ्या प्रवासी नावेतून जावे.

जीवरक्षक जॅकेट प्रत्येकाला देतात. मुलाचे जॅकेट बांधून झाल्यावर खांद्यांवरचे पट्टे धरून वर उचलून पाहावे. जॅकेट कानांपर्यंत सरकले तर ते मोठे आहे, लगेच बदलून घ्यावे. ऊन कितीही असले तरी पाण्यावर असेपर्यंत ते काढू देऊ नये.

धरणातून पाणी सोडल्यावर पातळी अचानक वाढते, हे खरे आहे का?

दॉर्दोन्यच्या वरच्या दऱ्यांत वीजनिर्मितीची मोठी धरणे आहेत. बोर-लेझ-ऑर्ग हे धरण १९५२ मध्ये सुरू झाले, तर मालिकेतले सर्वांत खालचे आर्जांता या गावाजवळ आहे. विजेच्या मागणीप्रमाणे पाणी सोडले जाते, त्यामुळे आर्जांताच्या लगेच खालच्या भागात पातळीतला फरक जाणवतो. किल्ल्यांच्या टप्प्यापर्यंत येताना तो बराच ओसरलेला असतो. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग केलेल्यांना धरणाच्या पाण्यावर चालणारी नदी ठाऊक असते, परंतु तिथल्या खळाळाची येथे अपेक्षा किंवा भीती धरू नये. येथे फक्त खडीच्या उतारांवर पाणी थोडे वेगाने धावते.

तरीही काठावर उतरल्यावर होडी अर्धवट पाण्यात ठेवून जाऊ नये. पातळी हातभर जरी वाढली तरी ती निघून जाते. वळिवाच्या मोठ्या पावसानंतर किंवा वसंत ऋतूत पाणी चढलेले असेल तर व्यावसायिक स्वतःच होड्या सोडत नाहीत, आणि त्यांचा निर्णय मुकाट्याने मानावा. फ्रान्सची व्हिजिक्रू ही सरकारी पूरसूचना सेवा नद्यांची स्थिती रंगांनी दाखवते. निघण्याच्या आदल्या दिवशी ती पाहावी.

खरा धोका तीन ठिकाणी असतो. पुलाच्या खांबांवर होडी आडवी जाऊन आदळली तर प्रवाह तिला तिथेच दाबून धरतो, म्हणून पुलाच्या बऱ्याच आधी दोन खांबांच्या मधोमध नाक रोखावे. काठावरून पाण्यात पडलेल्या झाडांमधून पाणी वाहून जाते पण माणूस अडकतो, म्हणून वळणाच्या बाहेरच्या बाजूने जाऊ नये. आणि ला रोक-गाजाक व बेनाक येथे पर्यटकांच्या मोठ्या नावा फिरतात. त्यांना लवकर वळता किंवा थांबता येत नाही, तेव्हा त्यांना वाट देऊन काठाकडे सरकणे हे आपले काम आहे.

होडी उलटली तर काय करावे?

प्रथम मुले कुठे आहेत ते पाहावे. सामान गेले तर जाऊ द्यावे. जॅकेट माणसाला तरंगत ठेवते. पाठीवर पडून, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला ठेवून काठाकडे हात मारावेत. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण पाय दगडांत अडकला तर पाणी माणसाला पुढे ढकलते. होडी धरायचीच असेल तर तिच्या वरच्या बाजूला, म्हणजे प्रवाह जिकडून येतो तिकडे राहावे, म्हणजे ती आणि खडक यांच्या मधे सापडण्याचा धोका राहत नाही. हे सगळे मुलांना काठावर असतानाच एकदा करून दाखवावे. उन्हाळ्यात त्यांना हा खेळच वाटतो. मदतीसाठी ११२ हा क्रमांक फ्रान्समध्ये सर्वत्र चालतो.

कोणता महिना चांगला?

आमच्या मते जूनचा दुसरा पंधरवडा आणि सप्टेंबरचा पहिला. जूनअखेर साडेनऊपर्यंत उजेड असतो, पाणी डुंबण्याइतके उबदार झालेले असते आणि फ्रेंच शाळा अजून सुटलेल्या नसतात. जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट यांत नदीवर इतकी गर्दी असते की शांततेची अपेक्षा ठेवू नये. शिवाय पारा ३५ अंशांच्या वर जातो आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. त्या काळात जायचेच असेल तर सकाळची पहिली फेरी धरावी. महाराष्ट्रातल्या शाळांची सुटी मे महिन्यात असते. मेमध्ये झाडी अत्यंत ताजी असते, परंतु पाणी थंड आणि वेगवान असते. सहा-सात वर्षांच्या मुलांना घेऊन मेच्या सुरुवातीला जाण्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात जावे आणि बेतात एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत.

सोबत काय घ्यावे?

होडीबरोबर फिरकीच्या झाकणाचे एक जलरोधक पिंप मिळते. झाकण मुलांना लावू देऊ नये. आटे नीट बसले नाहीत तर दिवसअखेर त्यात पासपोर्टच्या झेरॉक्स, पोळ्या आणि मोबाइल यांचा लगदा निघतो. मूळ पासपोर्ट मुक्कामीच ठेवावा. पायांत मागून पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट हवेत. साध्या चपला पहिल्याच उथळ जागी वाहून जातात आणि खडी पायांना टोचते. टोपी, पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा, उन्हाचे मलम, दोरी लावलेला चष्मा, माणशी दीड-दोन लिटर पाणी आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड एवढे पुरे. पाण्यावरून परतणारे ऊन टोपीखालूनही लागते, तेव्हा मलम हनुवटीच्या खालीही लावावे. वाटेत स्वच्छतागृहे मोजक्या थांब्यांवरच आहेत.

आम्ही शाकाहारी आहोत. खाण्याचे काय?

पेरिगोर हा बदकाच्या आणि हंसाच्या मांसाचा प्रदेश आहे, त्यामुळे उपाहारगृहांत थोडी सावधगिरी लागते. सार्लाची म्हणून प्रसिद्ध असलेली लसूण घातलेली बटाट्याची भाजी बदकाच्या चरबीत परतलेली असते. ती दिसायला निर्दोष वाटते म्हणून मुद्दाम सांगत आहोत. कोशिंबिरीवरही बदकाच्या मांसाचे तुकडे घालण्याची पद्धत आहे. काबेकू हे शेळीच्या दुधाचे छोटे, गोल चीज रुचकर असते, परंतु पारंपरिक चीज विरजताना वासराच्या जठरातील विकर वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी विचारून घ्यावे.

सोपा मार्ग म्हणजे सार्लाचा बाजार. तो बुधवारी आणि शनिवारी सकाळी भरतो. तिथे पाव, टोमॅटो, जर्दाळू, स्ट्रॉबेरी, अक्रोड आणि अक्रोडाचा केक घेऊन नदीतल्या खडीच्या बेटावर जेवावे. ठेपले किंवा दशम्या घरून नेल्या असतील तर उत्तमच. या खोऱ्यातले अक्रोड विशेष नावाजलेले आहेत, आणि काठाने दिसणाऱ्या सरळ रांगांतल्या बागा त्यांच्याच आहेत.

आजी-आजोबांना पाण्यावर कसे नेता येईल?

ला रोक-गाजाक आणि बेनाक येथून गाबार नावाच्या सपाट तळाच्या लाकडी नावा सुमारे तासाभराच्या फेरीला निघतात. त्यांत बाकांवर बसायचे असते. मुले आणि आई-वडील कॅनोतून, आजी-आजोबा गाबारमधून, आणि मग सगळ्यांनी बेनाकच्या काठावर भेटायचे, अशी योजना सहज जमते.

या नावांचा इतिहास त्यांना नक्की आवडेल. एकोणिसाव्या शतकापर्यंत वरच्या जंगलांतले ओक आणि चेस्टनटचे लाकूड गाबारमधून खाली बेर्जराक व लिबूर्नकडे जात असे. ओकच्या फळ्यांची दारूची पिंपे होत आणि चेस्टनटचे खुंट द्राक्षमळ्यांत रोवले जात. वरून आलेल्या हलक्या नावांना प्रवाहाविरुद्ध परत नेणे परवडत नसे. त्यामुळे मुक्कामी पोहोचल्यावर नावच मोडून तिचे लाकूड विकत आणि नावाडी पायी घरी परतत. रेल्वे आली आणि हा धंदा संपला.

नदीवर पशुपक्षी कोणते दिसतात?

खंड्या आणि राखी बगळा हमखास दिसतात, कड्यांवर बहिरी ससाण्याची घरटी असतात आणि उथळ पाण्यातल्या वनस्पतींवर निळ्या पंखांच्या टाचण्या (चतुरासारखे नाजूक कीटक) बसलेल्या असतात. पाणमांजर या नदीत आहे, पण दिवसा दिसणे दुर्मीळ. युनेस्कोने २०१२ मध्ये दॉर्दोन्यचे संपूर्ण खोरे जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केले. कचरा परत आणावा, काठावर चूल पेटवू नये आणि खडीच्या बेटांवर पक्ष्यांची अंडी असू शकतात याचे भान ठेवावे.

तिथे पोहोचावे कसे आणि व्हिसाचे काय?

भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो. मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो शुल्क आहे आणि सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाआकार त्याहून वेगळा असतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. त्यात कॅनोसारखे जलक्रीडाप्रकार समाविष्ट आहेत का, हे विमापत्रात शब्दशः पाहून घ्यावे.

पॅरिसहून बोर्दोला वेगवान रेल्वेने दोन तासांपेक्षा थोडा अधिक वेळ लागतो, तिथून सार्लाला प्रादेशिक गाडी जाते. दुसरा मार्ग पॅरिस–तुलूज लोहमार्गावरील सुयाकचा आहे. गावागावांतली बससेवा मात्र विरळ आहे, म्हणून मोटार भाड्याने घ्यावी आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोबत ठेवावा. नकाशावर जागा शोधताना एक काळजी घ्यावी. वरच्या भागात ब्रतनू गावाजवळ लाल दगडांचा दुसरा एक कास्तेलनो आहे, आणि तो येथून बराच लांब आहे.

नोंदणी आणि परतीची व्यवस्था कशी असते?

सेनाक ते बेनाक टप्प्याला मोठ्या माणसामागे ढोबळमानाने २० युरोंच्या आसपास खर्च येतो, मुलांना सवलत असते. जुलै-ऑगस्ट वगळता एक-दोन दिवस आधी फोन केला तरी चालते. व्यवस्था दोन प्रकारची असते. काही जण आधी व्हॅनने वरच्या थांब्यावर सोडतात आणि आपण वल्हवत स्वतःच्या मोटारीपाशी येतो. काही ठिकाणी खाली उतरल्यावर ठरावीक वेळी व्हॅन न्यायला येते. मुले सोबत असताना पहिला प्रकारच घ्यावा, कारण त्यात शेवटच्या गाडीची वेळ डोक्यावर राहत नाही. उतरण्याचा काठ उजवा आहे की डावा, पुलाच्या आधी की नंतर, आणि तिथे कोणत्या रंगाचा फलक आहे, हे निघतानाच विचारून ठेवावे. चुकून पुढे गेल्यास प्रवाहाविरुद्ध वल्हवत परत येणे थकलेल्या कुटुंबाला जमत नाही.

एका दिवसावर समाधान झाले नाही तर?

आर्जांताहून बेनाकपर्यंत आठवडाभराचा प्रवास करता येतो. नदीकाठी तंबूच्या अधिकृत जागा जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर आहेत, आणि सामानाची पिंपे होडीतच राहतात. रोज १५ ते २० किलोमीटरांपेक्षा जास्त अंतर धरू नये. वरच्या भागातला प्रवाह जरा जोरकस असल्याने मुले किमान दहा वर्षांची असावीत आणि एका मोठ्या माणसाला तरी नदीचा सराव असावा. बोलिय, सुयाक असे करत खाली येताना पहिले काही दिवस किल्ले अधूनमधूनच दिसतात. आर्जांताखालच्या पहिल्या दिवशी धरणाच्या पाण्याच्या वेळा स्थानिक व्यावसायिकाकडून विचारून घेतल्याशिवाय निघू नये आणि रात्री होड्या झाडाला बांधूनच झोपावे.